राहेलची झोंबी आणि वहीतले तारे



बायबलमध्ये कुस्तीचा पहिला उल्लेख कुणाच्या तोंडी येतो, हा प्रश्न आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी विचारतो. मुलांचे हात लगेच वर जातात. "टीचर, याकोब!" यब्बोकच्या उतारावर पहाटेपर्यंत चाललेली झोंबी, निखळलेला जांघेचा सांधा, आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडणार नाही हा हट्ट, सगळे त्यांना पाठ असते. पण ती गोष्ट उत्पत्तीच्या 32व्या अध्यायातली. त्याच्या दोन अध्याय आधी, 30व्या अध्यायाच्या आठव्या वचनात, राहेल बोलून गेलेली असते. तिची दासी बिल्हा हिला दुसरा मुलगा झाला तेव्हा राहेलने त्याचे नाव नफताली ठेवले आणि कारणही सांगितले: बहिणीशी आपण जबर झोंबी घेतली आणि जिंकलो. नफताली या इब्री नावातच झोंबी आहे. म्हणजे पवित्र शास्त्रात कुस्तीचा शब्द पहिल्यांदा काढते ती एक बाई, आणि तोही दुसऱ्या बाईशी घेतलेल्या झोंबीबद्दल.

मुले हसतात. मुली जरा ताठ बसतात.

गेल्या वर्षभरात या वचनाकडे आम्हाला वारंवार यावे लागले. त्याला कारण एक वही.

दृढीकरण संस्काराची तयारी करणारी आमची आठ-दहा मुले-मुली वर्ग सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका फोनभोवती डोकी जुळवून बसलेली दिसायची. क्रिकेट नव्हते, रील्सही नव्हत्या. जपानी बायकांच्या कुस्त्या होत्या. रंगीत केस, चमकदार पोशाख, चारही बाजूंना दोर, आणि दोराच्या वरच्या टोकावरून खाली झेप. जपानीत या प्रकाराला 'जोशी पुरोरेसू' म्हणतात. 'जोशी' म्हणजे स्त्रिया. हा शब्द वर्गात आला त्या रविवारी दहा मिनिटे काही शिकवता आले नाही. गल्लीतल्या जोशीकाकूंचे नाव प्रत्येकाच्या ओठावर होते.

वहीत चार रकाने. तारीख, दोघींची नावे, किती मिनिटे चालली, आणि पाचपैकी किती तारे. साडेतीन. चार. कधी पावणेपाच. पाव ताऱ्यावरून मुले अशी भांडत, जणू वडिलार्जित जमिनीची वाटणी चालली आहे. ही पद्धत त्यांनी काढलेली नाही. डेव्ह मेल्टझर नावाचे एक अमेरिकन पत्रकार आपल्या वार्तापत्रातून कित्येक वर्षे अशा लढतींना तारे देत आले आहेत. 1990च्या दशकात मनामी टोयोटा या जपानी मल्ल स्त्रीच्या अनेक लढतींना त्यांनी पूर्ण पाच तारे दिले. तेव्हापासून जगभरचे शौकीन वह्या घालून बसले आहेत, तसे आमचेही.

आम्ही त्यांच्याबरोबर बसून पाहू लागलो. जे पाहायला मुलांना आवडते ते शिक्षकाने निदान एकदा तरी शेवटपर्यंत पाहावे, असे आमचे मत आहे. त्या टोळक्यात एक मुलगी होती, पंधरा वर्षांची. ती कधी तारे सांगायची नाही. ती पायांकडे बघायची. कुणी कुणाच्या कमरेला हात घातला की हिचा खांदा आपोआप हलायचा.

तसे पाहिले तर बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात कुस्ती बघायला कुणाला शिकवावे लागत नाही. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा आहे. पलीकडे कोल्हापूरला शाहू महाराजांनी रोमच्या रिंगणांवरून कल्पना घेऊन बांधलेले, 1912 साली पुरे झालेले खासबाग मैदान आहे. गावोगावच्या यात्रेत पालखीइतकाच मान मैदानाला असतो. आणि तारे आमच्याकडेही देतातच, फक्त कागदावर नव्हे. कुस्ती रंगली की हलगी चढते, कुणीतरी खिशातून नोट काढून पैलवानाच्या हातात कोंबतो, कुणी फेटा बांधतो. रंगली नाही तर लोक सरळ ओरडतात: "सोडवा ती!" दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कोण कुणाला कोणत्या डावावर चीत करून गेला एवढेच येते, घिस्सा, ढाक, एकलंगी. पण घामाचा खरा हिशेब त्या हलगीत होऊन गेलेला असतो.

जपानी कुस्तीत एक मोठा फरक आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. तेथे निकाल आधी ठरलेला असतो. आमच्या धर्मग्रामातले एक वयस्कर गृहस्थ, तरुणपणी तालमीत घुमलेले, हे ऐकून भडकले. "ठरवून? मग ती कुस्ती कसली? नाटक म्हणा की." आमच्या भागात ठरवून लढलेली कुस्ती ही शिवी आहे, हे खरे. पण शुभ शुक्रवारी आमच्या तरुणांनी क्रूसाची वाट साकारली तेव्हा शेवट कुणाला ठाऊक नव्हता? येशू तिसऱ्यांदा पडतो त्या ठिकाणी हेच अण्णा उपरण्याने डोळे पुसत होते. आम्ही तशी आठवण करून दिल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, "त्यात पोराचा गुडघा खराच फुटला होता." तेच. निकाल ठरलेला असतो, पडणे खरे असते. त्या बायकांच्या माना, पाठी, गुडघे खरेच दुखावतात.

मुलांनी आम्हाला दाखवलेल्या जुन्या लढतींत एक आहे 28 ऑगस्ट 1985ची, ओसाका शहरातली. 1968 साली सुरू झालेल्या 'ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग' या संस्थेचा तो सोन्याचा काळ होता. चिगुसा नागायो आणि लायोनेस असुका यांची 'क्रश गर्ल्स' नावाची जोडी घरोघरच्या शाळकरी मुलींची दैवते बनली होती. त्यांच्यासमोर होती डंप मात्सुमोतो, तोंड रंगवलेली, धिप्पाड, दुष्टपणा हाच जिचा वेष. नागायो आणि डंप यांच्यातली पैज केसांची: हरेल तिचे मुंडण. नागायो हरली. भर मैदानात तिला बसवून केस उतरवले गेले आणि प्रेक्षकांतल्या शेकडो मुली हुंदके देऊन रडत होत्या. आमच्या मुलांनी या लढतीला पाच तारे दिले. त्या पंधरा वर्षांच्या मुलीने नेहमीप्रमाणे काहीच दिले नाही. ती एवढेच म्हणाली, "ती नंतर घरी कशी गेली असंल?"

हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. वहीत त्याला रकाना नव्हता.

त्या संस्थेत मुली शाळा सोडल्या सोडल्या दाखल होत. दारू नको, सिगारेट नको, पुरुषमित्र नको, असे नियम. आणि पंचविशी-सव्विशी आली की निवृत्ती. ज्या वयात आमच्याकडे पोरीच्या लग्नाची बोलणी चालतात, त्या वयात त्यांची कारकीर्द संपलेली. डंप मात्सुमोतोच्या आयुष्यावर 2024 साली नेटफ्लिक्सवर एक मालिकाही आली; तेथूनच आमच्या मुलांना ही गोडी लागली असावी.

पण वही काही दिवस बंद राहिली ती दुसऱ्या एका नावामुळे. हाना किमुरा. तिची आई क्योको किमुरा स्वतः मल्ल होती. हाना 'स्टारडम' या संस्थेकडून लढायची, केस गुलाबी, हसणे मोठे. 2019 साली तिने तेथली मोठी साखळी स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेच्या नावातच पाच तारे आहेत: 'फाइव्ह स्टार ग्रां प्री'. मग ती एका टीव्ही कार्यक्रमात दिसली, ज्यात काही तरुण-तरुणी एका घरात राहतात आणि कॅमेरे चालू असतात. घरातल्या एका मुलाकडून तिचा कुस्तीचा पोशाख धुण्यात आटून खराब झाला. ती त्याच्यावर चिडली आणि त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. एवढेच. त्या क्षणावरून अनोळखी माणसांनी तिला समाजमाध्यमांवर इतके घाण, इतके क्रूर लिहिले, की 23 मे 2020 रोजी तिने आपले जीवन संपवले. वय 22.

लिहिणाऱ्यांपैकी एकाला पुढे दंड झाला: 9,000 येन. आपले त्या वेळचे सुमारे सहा हजार रुपये. तिच्या आईने मागे लागून लागून आवाज उठवला आणि 2022 साली जपानने अपमानाबद्दलचा कायदा कडक केला. आता तुरुंगवासही होऊ शकतो. मुलांना आम्ही दंडाचा आकडा सांगितला तेव्हा वर्गात कुणी हसले नाही.

बेन सिराच्या ग्रंथाच्या 28व्या अध्यायात जिभेच्या माराची तुलना चाबकाच्या माराशी केली आहे, आणि जीभच अधिक खोल जाते असे ठरवले आहे. तो ग्रंथ लिहिला गेला तेव्हा फोन नव्हते. आता जीभ अंगठ्यात उतरली आहे, इतकाच फरक. आणि एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती येथे स्पष्टच लिहितो. तारे देणे हे पाप नाही. कौतुकालाही मापाची गरज असते. ज्याला चांगले-वाईट कळत नाही त्याला चांगले आवडतही नाही. पण एखाद्या मुलीच्या लढतीला दोन तारे देणे आणि त्या मुलीलाच दोन तारे देणे यांच्यात जी रेघ आहे ती फार बारीक आहे, आणि गर्दीत ती दिसत नाही.

हे जपानचे झाले, असे म्हणून सुटता येणार नाही. आमच्या दाराशीही घडले आहे. 1950च्या दशकात उत्तर प्रदेशातून आलेली हमीदा बानू नावाची मल्ल स्त्री पुरुषांना आव्हान देत देशभर फिरत होती. मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असे तिने जाहीर केले होते. 4 मे 1954 रोजी बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत हरवले. मुंबईत वेरा चिस्टिलिन या रशियन मल्ल स्त्रीला मिनिटभराच्या आत चीत केले. आणि कोल्हापुरात? कुस्तीच्या पंढरीत? सोमसिंग पंजाबी या पुरुष मल्लाला तिने हरवले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड मारले. पोलीस बोलवावे लागले. लोक म्हणाले, ठरवून केलेली होती. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले की बंदी ती बाई आहे म्हणून नव्हे, तिच्यासमोर बनावट मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून.

तिच्या काही कुस्त्या ठरवलेल्या असतीलही. तो वाद अभ्यासकांनी घालावा. पण ठरवून लढणाऱ्या पुरुषांवर त्या काळात किती दगड पडले, हे कुणी विचारले का? पुढे ती कल्याणला राहिली. दूध विकले, घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याकडेला विकले. 1986 साली गेली. 2024 मध्ये, बडोद्याच्या त्या कुस्तीला बरोबर 70 वर्षे झाली त्या दिवशी, गूगलने पहिल्या पानावर तिचे चित्र लावले. दगड मारणाऱ्यांच्या नातवंडांनी ते फोनवर पाहिले असेल.

आता काळ बदलला आहे, आणि आमच्या डोळ्यांसमोर. मार्च 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने चांदीची गदा उचलली. निपाणीहून फार लांब नाही, कागल तालुक्यातल्या मुरगूडला, मुलींना कुस्ती शिकवणारे संकुल आहे. नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे यांच्यासारख्या मुली तेथे तयार झाल्या. 6 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला विनेश फोगटने जपानच्या युई सुसाकीला 3-2 ने हरवले. सुसाकी त्याआधी परदेशी मल्लाकडून एकदाही हरली नव्हती. त्या संध्याकाळी आमच्या पायऱ्यांवर साखर वाटली गेली. दुसऱ्या दिवशी 100 ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून विनेश बाद झाली, आणि काल साखर खाणाऱ्यांपैकीच काहींनी तिच्या जेवणाचा, केसांचा, नियतीचा हिशेब मांडला. बेलशस्सराला तराजूत तोलले गेले ते देवाच्या हाताने. येथे तराजू प्रत्येकाच्या हातात होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती पंधरा वर्षांची मुलगी आम्हाला म्हणाली, "टीचर, मला तालमीत जायचंय."

तिचे वडील चांगले गृहस्थ आहेत, मुलीवर जीव आहे. त्यांची अडचण कुस्ती नव्हती, लोक होते. आणि लोक म्हणजे कोण? आपणच, वाचकहो. रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात उभे राहून बोलणारे आपण. ख्रिस्ती मुलीला हे शोभते का? कपडे कसले ते? कान सुजून गाठी झाल्या तर लग्न कोण करील? आधार कार्ड कर्नाटकचे, तालीम महाराष्ट्रातली, मग खेळणार कुणाकडून? एका काकूंनी तर थेट तिच्या आईला सांगितले, केस कापायला लावतात म्हणे. आईला सगळ्यात जास्त लागले ते हेच. कमरेपर्यंतची वेणी होती, लहानपणापासून तेल लावून वाढवलेली.

शेवटी बोलली ती आजी. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जिची उमर गेली ती आजी. दाराशी बसून सगळे ऐकत होती. म्हणाली, "वखारीत तंबाखूची पोती ओढून माझी पाठ गेली, तवा कुणी इचारलं न्हाई, बाईमाणसाला शोभतंय का म्हणून. आता पोरगी खेळाया जाती म्हटल्यावर समद्यांस्नी शोभा सुचली."

यावर आम्ही काय बोलणार? आम्ही फक्त एका संताचे चरित्र त्या घरी वाचायला नेऊन दिले.

संत पेर्पेतुआ. मिस्साच्या पहिल्या युखारिस्तिक प्रार्थनेत फेलिसिताबरोबर तिचे नाव घेतले जाते, सण 7 मार्चला. नाव कानावरून जाते, माणूस लक्षात येत नाही. कार्थेज शहरात इसवी सन 203 मध्ये, ख्रिस्ती आहे म्हणून तिला रिंगणात श्वापदांपुढे टाकले गेले. चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारे मूल असलेली. वय सुमारे 22. हाना गेली तेव्हा तिचेही वय तेवढेच होते. तुरुंगात असताना पेर्पेतुआने स्वतः टिपण लिहून ठेवले. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचे इतके जुने लिखाण फारच थोडे आहे. आणि मरणाच्या आदल्या दिवशी तिला जो दृष्टान्त झाला तो कुस्तीचा आहे.

ती पाहते की आपल्याला रिंगणात आणले आहे. सभोवार अफाट गर्दी. समोर श्वापद नाही, एक उग्र मिसरी मल्ल आहे. तिचे सोबती तिला तेल चोळतात, जसे पैलवानाला चोळतात, आणि आपण पुरुष झालो असे तिला जाणवते. रिंगणाच्याही वर डोके निघेल इतका उंच एक वस्ताद हातात काठी आणि सोन्याची फळे लागलेली हिरवी डहाळी घेऊन उभा आहे. जिंकशील तर ही तुझी. मिसरी मल्ल तिचा पट काढायला बघतो, ती टाचांनी त्याच्या तोंडावर मारते. ती हवेत उचलली जाते, दोन्ही हातांची बोटे गुंफून त्याचे डोके धरते, तो तोंडावर आपटतो, आणि ती त्याच्या डोक्यावर पाय देते. वस्ताद तिचे चुंबन घेतो, तिला मुलगी म्हणून हाक मारतो आणि शांती चिंततो. मग ती जीवनाच्या दाराने बाहेर चालू लागते, आणि जागी होते. जागी झाल्यावर तिला कळते की आपली झुंज श्वापदांशी नव्हे, सैतानाशी आहे. आणि आपण जिंकणार आहोत.

दुसऱ्या दिवशी जे घडले ते इतरांनी लिहून ठेवले. मस्तवाल गायीने तिला उडवले. ती पडली, उठून बसली, फाटलेला अंगरखा मांडीवर ओढून घेतला, आणि केस पुन्हा नीट बांधले, कारण मोकळे केस ही शोकाची खूण, आणि तिला शोक करायचा नव्हता. तिचा सोबती सातुरस चित्त्याच्या एका चाव्याने रक्ताने न्हाला, तेव्हा प्रेक्षकांतून थट्टेचे ओरडे आले, चांगली अंघोळ झाली म्हणून. स्नानगृहात एकमेकांना म्हणायचे ते शब्द ते रक्तावर फेकत होते. 1,800 वर्षांपूर्वीची ती एक टिप्पणी.

मुलीच्या आईने हे पान दोनदा वाचले. केसांच्या जागी बोट ठेवून बसली होती. वेणी तिने स्वतःच कापली, खांद्यापर्यंत. रडली, पण कापली.

इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेक्षक आहेत. आपण धाव धावत असताना सभोवार साक्षीदारांचा मोठा मेघ आहे, असे तेथे सांगितले आहे. हे साक्षीदार कोण, ते आधीच्या अध्यायात नावानिशी दिले आहे: अब्राहाम, सारा, मोशे, राहाब. सगळे स्वतः धावून आलेले, धडपडलेले. त्या ओट्यावर एकही असा नाही ज्याने माती अंगाला लावली नाही. आमच्या मैदानावर नीट बघितले तर हे दिसते. हुर्यो करणारे मागे उभे असतात. अगदी पुढे, मातीच्या कडेला, कान मोडलेले जुने मल्ल मांडी घालून बसलेले असतात. ते फारसे ओरडत नाहीत. ते पायांकडे बघतात, आणि कुणी वाईट पडला की त्यांच्याच तोंडून 'आई गं' निघते.

मुलगी तालमीत जाऊ लागली त्याला आता सात महिने झाले. शनिवारी मुक्काम, रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून वडील पहाटे आणायला जातात. फादरांनी दृढीकरणाच्या वर्गाची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली. अंगणातले बोलणे पूर्ण थांबलेले नाही, पण आजी आता मिस्सा झाल्यावर मुद्दाम अंगणातच खुर्ची टाकून बसते, त्यामुळे आवाज कमी झाला आहे.

गेल्या महिन्यात जवळच्या एका गावच्या यात्रेत तिची पहिली कुस्ती लागली. आम्ही सगळे टेम्पोने गेलो, वहीसकट. हलगी वाजत होती. समोरची मुलगी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, हात चपळ. पहिली तीन-चार मिनिटे आमचीने चांगली खडाखडी केली. मग समोरचीने पट काढला, कब्जा घेतला, आणि घिस्सा मारून आमचीला चीत केली. आकाशाकडे तोंड, पाठीला माती. मागून कुणीतरी ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. तिच्या वडिलांनी मान वळवली. आमचे अण्णा, तेच ते, मागे वळून इतके मोठ्याने काही बोलले की तो माणूस तेथून निघून गेला.

ती उठली, समोरच्या मुलीच्या हाताला हात लावला, माती कपाळाला लावली आणि आमच्याकडे आली. वही असलेला पोरगा पेन घेऊन नुसता बसला होता. काय लिहावे त्याला कळेना. पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता तीच त्याला म्हणाली, "लिव्ह की. घिस्सा बघितलास न्हवं तिचा? पाच दे."

त्याने दिले. खाली दोघींची नावे लिहिली, आणि समोरच्या मुलीच्या नावाचे स्पेलिंग चुकू नये म्हणून जाऊन तिलाच विचारून आला.

पुढचे मैदान पाडव्यानंतर आहे. टेम्पोत बारा माणसे बसतात आणि आजीची जागा पुढे धरलेली आहे. यायचे असेल त्यांनी रविवारी मिस्सा संपल्यावर नाव द्यावे.